रोपाच्या मुळाला साखर लागते, पण कुठून आलेली?

रोपांना साखरेचं पाणी घातलं की मुळं जोमानं धरतात, असं मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर शांत बसवत नाही. कुणी फोनवरच्या व्हिडिओत बघितलेलं असतं, कुणी जीवामृतात गूळ घालतात त्यावरून अंदाज बांधलेला असतो, तर कुणाला नर्सरीवाल्यानं सांगितलेलं असतं. मी मालवण तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी विषय मागितला तेव्हा मी हाच दिला: साखर मुळाला वाढवते की खुंटवते? चार बश्या, थोडे मूग, आठवडाभराचं काम, असं आम्हाला वाटलं होतं. प्रत्यक्षात तो पावसाळा सगळा त्यातच गेला. प्रदर्शन आटोपल्यावरही आम्ही थांबलो नाही, कारण एका उत्तराच्या पोटातून दुसरा प्रश्न निघत होता.

सुरुवात मुगापासून केली. मूग स्वयंपाकघरात असतात, लवकर रुजतात, आणि मूळ पांढरं, जाड, सरळ येतं, त्यामुळे मोजायला सोपं. साखरेची तीन द्रावणं केली: लिटरला 10 ग्रॅम, 30 ग्रॅम आणि 100 ग्रॅम, म्हणजे 1, 3 आणि 10 टक्के. चौथं नुसतं पाणी. उकळून गार केलेलं एकच पाणी सगळ्यांना. मूग निवडताना मुलींनी फार काटेकोरपणा केला. एकाच पिशवीतले, साधारण एका आकाराचे, साल न फुटलेले मूग बाजूला काढले, कारण दाणा लहानमोठा असला तर मुळातला फरक साखरेचा की दाण्याचा हे सांगता येत नाही. टिपकागदाच्या घड्या स्टीलच्या डब्यांत घालून ओल्या केल्या, त्यावर मूग ओळीनं मांडले आणि झाकण सैल लावून डबे पडवीच्या आतल्या बाजूला ठेवले.

सासूबाई येता-जाता बघत होत्या. "अगो, चायत घालूक साखर मोजून देतंस आणि मुगांका डबो भरून?" म्हणाल्या. त्यांच्या हातचे मोड आलेले मूग गावात नावाजलेले आहेत. साखरेचं पाणी त्यांनी कधी वापरलं नाही, रात्रभर भिजवायचे आणि फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे एवढंच. डबे उघडल्यावर पहिला कौल त्यांच्याच बाजूनं लागला. नुसत्या पाण्यातली मुळं सगळ्यांत लांब होती. 1 टक्क्यातली जवळपास तितकीच. 3 टक्क्यांतली थोडी मागे. 10 टक्क्यांतल्या कित्येक मुगांचं साल जेमतेम फाटलं होतं आणि मुळाचं टोक बाहेर डोकावून थांबलं होतं.

"मॅडम, हेचा मूळ वाढूकच नाय," एक मुलगी म्हणाली आणि तो डबा बाजूला ठेवायला निघाली. मी तिला भिंग दिलं. पाण्यातल्या मुळाचं टोक निमुळतं, किंचित पिवळसर, गुळगुळीत होतं. टोकामागे थोडा नितळ भाग आणि मग मुळाभोवती बारीक केसांची दाट पट्टी. टोकाशी पेशी विभागतात, नितळ भागात त्या पेशी लांब होतात, आणि केस फुटतात ते लांब होणं संपलेल्या भागावर. 10 टक्क्यांतल्या मुळात हा मधला नितळ भाग जवळजवळ नव्हताच, केस थेट टोकाजवळ येऊन भिडले होते. म्हणजे पेशी ताणल्याच गेल्या नव्हत्या. मूळ मेलं नव्हतं, आखडलं होतं. हे भिंगाखाली बघितल्यावर मुलींचा प्रश्नच बदलला. साखरेनं मूळ मारलं का, यापेक्षा साखरेनं पेशींचं ताणणं का थांबवलं, हे त्यांना हवं होतं.

पेशी लांब होते ती आत पाणी ओढून. बाहेरच्या पाण्यात विरघळलेले कण जास्त झाले की पाणी आत यायला नाखूष असतं. हे आमच्याकडच्या पोरांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. खाडीकाठचे बांध फुटले आणि भरतीचं पाणी शेतात आलं की पुढच्या हंगामात भात कसं दिसतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत पाणी भरपूर असतं आणि रोप तरी तहानलेलं असतं. 10 टक्के साखरेतला मूग त्याच अवस्थेत आहे, असा माझा अंदाज होता. पण अंदाज तो अंदाज. साखरेचा स्वतःचा काही परिणाम आणि नुसत्या पाणी अडण्याचा परिणाम हे दोन्ही एकाच डब्यात एकत्र आलेले होते. ते वेगळे केल्याशिवाय "साखरेनं मूळ खुंटलं" असं म्हणायचा अधिकार आम्हाला नव्हता.

त्यासाठी मॅनिटॉल लागतं. प्रयोगशाळेत मिळणारी ही पांढरी भुकटी साखरेसारखीच पाण्यात विरघळते, पाणीही तशीच अडवते, पण बहुतेक रोपांना अन्न म्हणून फारशी कामाची नसते. कॉलेजच्या कपाटात एक बाटली होती. इथे मुलींना एक गणित करावं लागलं आणि त्या गणिताचं मोल मला फार वाटतं. पाणी अडतं ते कणांच्या संख्येनं, ग्रॅमच्या वजनानं अडत नाही. साखरेचा रेणूभार 342, मॅनिटॉलचा 182. म्हणजे लिटरमधल्या 100 ग्रॅम साखरेइतके कण हवे असतील तर मॅनिटॉल 53 ग्रॅमच पुरतं. त्याच गणितातून आणखी एक गोष्ट हाती आली. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण साडेतीन टक्के, म्हणजे आमच्या 10 टक्के साखरेपेक्षा वजनानं कितीतरी कमी. पण मिठाचे कण हलके आणि पाण्यात ते फुटून दोन होतात, त्यामुळे समुद्राचं पाणी 10 टक्के साखरेच्या तिपटीहून जास्त जोरानं पाणी अडवतं. खारभूमीतल्या भाताला काय सोसावं लागत असेल याची मुलींना या आकड्यावरून पहिल्यांदा नीट कल्पना आली. शिवाय तिथे सोडियमचा विषारीपणा वेगळाच.

मॅनिटॉलच्या डब्यातली मुळं साखरेच्या डब्यातल्या इतकीच आखडलेली निघाली. मुगाचा निकाल त्यामुळे सरळ लागला. जास्त साखरेनं मूळ खुंटतं ते मुख्यतः पाणी न मिळाल्यामुळे, आणि कमी साखरेचा फायदा काही दिसत नाही.

इथे थांबता आलं असतं. पण मुगाला साखरेचा फायदा का होत नाही, हा प्रश्न मला सोडवेना. मुगाच्या दोन दलांत आठवडाभर पुरेल एवढी शिदोरी असते. स्टार्च असतो, प्रथिनं असतात. बी भिजलं की स्टार्च फोडून त्याची साखर होते आणि ती मुळाकडे जायला लागते. भाताचंही तसंच. भ्रूण जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो, ते दाण्याच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचतं, तिथे अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं आणि स्टार्चचं विघटन सुरू होतं. खाजणातले शेतकरी मोड आणलेलं भात चिखलात फोकतात, त्याला रहू म्हणतात. त्यांच्या मोडात साखर बाहेरून कुणी घालत नाही, ती दाण्यातूनच येते. भरल्या घराला दोन घास बाहेरून आणून दिले तर काय फरक पडणार? फरक बघायचा तर ज्याच्याजवळ साठा फारच थोडा आहे असं बी घ्यायला हवं, किंवा साठा काढून तरी घ्यायला हवा.

आम्ही दोन्ही केलं.

थोड्या साठ्याच्या बियांसाठी हिरवा माठ घेतला. माठाचं बी केवढं असतं हे इथल्या कुणालाही सांगायला नको, चिमटीत घेतलं की शेकडो. या बियांना टिपकागद चालत नाही, मूळ कागदाच्या धाग्यांत शिरतं आणि मोजता येत नाही. म्हणून अगरच्या बश्या केल्या. अगर म्हणजे वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास. लाल समुद्री शेवाळांपासून ते काढतात. ओहोटीला मालवणच्या खडकांवर जी लाल शेवाळं दिसतात त्यांच्याच नातलगांपासून. ते मुलींना सांगितल्यावर त्यातली एक दुसऱ्या दिवशी शेवाळाची मूठभर जुडी घेऊनच आली.

आता खरी कसोटी बुरशीची. अगर, साखर, ओल आणि कोकणातला जुलै. या चार गोष्टी एकत्र आल्या की बुरशीला आमंत्रण द्यावं लागत नाही. मुगाच्या वेळीही साखरेच्या डब्यांतला कागद चिकट होऊन आंबूस वास यायला लागला होता, म्हणून ते निकाल आम्ही लवकर घेतले होते. बश्यांच्या बाबतीत तसं चालणार नव्हतं. अगर, पाणी आणि साखर काचेच्या बाटल्यांत घालून प्रेशर कुकरमध्ये चांगली वीस मिनिटं वाफवली. प्रयोगशाळांतल्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सियस तापमान आणि 15 पौंड दाब वापरतात, घरचा कुकर त्याच्या आसपास जातो. बिया विरंजकाच्या, म्हणजे ब्लीचच्या, पातळ द्रावणात काही मिनिटं हलवून मग उकळून गार केलेल्या पाण्यात पुन्हापुन्हा धुतल्या. बश्या ओतताना खिडक्या बंद, पंखा बंद, टेबल स्पिरिटनं पुसलेलं आणि दिव्याच्या ज्योतीजवळ सगळं काम. बोलायचं नाही, हा नियम मुलींनीच घातला आणि त्याच एकमेकींना खुणा करून गप्प बसवत होत्या. तरी काही बश्या गेल्याच. काळी बुरशी एका कोपऱ्यातून यायची आणि दुसऱ्या दिवशी बशीभर व्हायची. गेलेली बशी मोजायची नाही, मग त्यातलं मूळ कितीही लांब असो, यावर आम्ही ठाम राहिलो.

बश्या आडव्या न ठेवता उभ्या ठेवल्या, म्हणजे मुळं अगरच्या पृष्ठभागावरून खाली सरळ वाढतात आणि बशी न उघडता मोजता येतात. खालच्या अर्ध्या भागाला काळा कागद गुंडाळला. मातीत मूळ अंधारात असतं, आणि उघड्यावर पडलेल्या मुळाची वाढ उजेडानं बदलते. कितीतरी जण प्रयोगात हे विसरतात आणि मग साखरेचा परिणाम आणि उजेडाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. निम्म्या बश्या खिडकीजवळ ठेवल्या, निम्म्या पूर्ण अंधारात, लाकडी पेटीत. दोन्हीकडे तीन-तीन प्रकार: साध्या, 1 टक्का साखरेच्या, आणि तितक्याच कणांच्या मॅनिटॉलच्या.

अंधारातल्या पेटीनं आम्हाला जे दाखवलं ते बघून मी खरंच हरखले. साध्या बश्यांत रोपांचे देठ उंच, पांढरे, वर दलं मिटलेली, आणि खाली मूळ अगदी तोकडं. साखरेच्या बश्यांत मुळं सरळ खाली गेलेली, नजरेनंच फरक कळावा इतकी लांब, काहींना बाजूची मुळंही फुटायला लागलेली. मॅनिटॉलच्या बश्या साध्या बश्यांसारख्याच. म्हणजे इथे परिणाम साखरेचा होता, पाण्याचा नव्हता. आणि खिडकीजवळच्या बश्यांत? तिथे साखर नसतानाही मुळं बरी वाढली होती, साखर असताना थोडी जास्त. मुलींनी सगळी मुळं दोऱ्यानं मोजली, दोरा मुळाच्या वळणावरून फिरवायचा आणि मग मोजपट्टीवर ताणायचा. वहीतले आकडे बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की साखरेची सगळ्यांत जास्त गरज तिथे होती जिथे उजेड नव्हता.

उजेड आणि साखर यांचा हा धागा जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या स्टेफान किर्शर आणि पेटर शोपफर यांनी 2012 साली अरॅबिडॉप्सिसवर नीट उलगडून दाखवला होता. अरॅबिडॉप्सिस म्हणजे मोहरीच्या कुळातलं एक इवलंसं रानटी रोपटं. जगभरच्या प्रयोगशाळा मुळाचा अभ्यास त्याच्यावरच करतात. त्यांचं म्हणणं असं: उजेडात बाळरोपाची दलं साखर तयार करतात, ती साखर अन्नवाहिन्यांतून मुळाच्या टोकापर्यंत जाते, आणि ती पोचली की मूळ वाढायला लागतं. दलं कापली की मूळ थांबतं. बाहेरून साखर दिली की पुन्हा चालू होतं. वर सूर्य दिसला ही खबर मुळाला साखरेच्या रूपानं मिळते. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आमची लाकडी पेटी होती. साध्या बशीतल्या त्या तोकड्या मुळांना खबरच मिळालेली नव्हती.

साखर अन्न आहे हे कुणालाही पटतं. साखर ही सूचना आहे हे पटायला वेळ लागतो, आणि मला वाटतं या विषयातला गाभा तोच आहे. 2003 साली हार्वर्डमधल्या जेन शीन यांच्या गटानं हेक्सोकायनेज नावाच्या एन्झाइमवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ग्लुकोज पेशीत आल्यावर त्याच्यावर पहिली प्रक्रिया करणारं हे एन्झाइम. त्यात असे बदल केले की त्याला ग्लुकोजवर प्रक्रिया करताच येऊ नये. तरीही ज्या रोपांत मूळचं एन्झाइम नव्हतं त्यांत हे बदललेलं घातल्यावर ग्लुकोजची दखल घेणं पूर्ववत झालं. म्हणजे हे एन्झाइम साखर वापरतं आणि साखर किती आहे याची नोंदही ठेवतं, आणि ही दोन कामं वेगळी आहेत. पुढे 2013 साली त्याच गटानं दाखवलं की प्रकाशसंश्लेषणातून आलेलं ग्लुकोज टॉर नावाच्या प्रथिनाला कामाला लावतं आणि त्यामुळे मुळाच्या टोकातल्या झोपलेल्या पेशी पुन्हा विभागायला लागतात. उलट उपासमार झाली की स्नर्क 1 नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं आणि वाढ आवरती घ्यायला लावतं. वाढायचं की जपून राहायचं, याचा निवाडा मूळ या दोघांच्या ओढाताणीतून करतं.

मग जास्त साखरेचं काय? मुगात आम्ही पाहिलं होतं की ते मुख्यतः पाण्याचं प्रकरण आहे. माठात ते तसं निघालं नाही. 6 टक्के ग्लुकोजच्या बश्या केल्या आणि शेजारी 6 टक्के मॅनिटॉलच्या. इथे गणित सोपं, ग्लुकोजचा रेणूभार 180 आणि मॅनिटॉलचा 182, त्यामुळे सारखं वजन म्हणजे जवळपास सारखेच कण. मॅनिटॉलची रोपं लहान राहिली पण दलं उघडून हिरवी झाली. ग्लुकोजची रोपं फिकट, दलं अर्धवट मिटलेली, मूळ जागच्या जागी. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे फार पूर्वीपासून माहीत आहे. एवढ्या ग्लुकोजमध्ये बाळरोप हिरवं होण्याआधीच अडकतं, आणि त्यात अब्सिसिक आम्लाचा, म्हणजे दुष्काळात रोपाला आवरून धरणाऱ्या संप्रेरकाचा हात असतो. हेक्सोकायनेज बिघडलेली रोपं मात्र त्याच बशीत बिनदिक्कत वाढतात, कारण त्यांना साखर "दिसतच" नाही. थोडी साखर चालना देते आणि तीच साखर फार झाली तर रोप स्वतःला थांबवतं.

भाताचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्याला हात स्थिर लागतो. साठा थोडा असलेलं बी झालं होतं, आता साठा काढून घ्यायचा होता. टरफल काढलेला, पण न सडलेला, म्हणजे पॉलिश न केलेला दाणा घ्यायचा. सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा इथे उपयोग नाही, गिरणीत त्याचा भ्रूण निघून गेलेला असतो. उकड्याचाही नाही, तो शिजण्यानं मेलेला असतो. दाण्याच्या खालच्या टोकाला एका बाजूला छोटासा फिकट ठिपका दिसतो, तोच भ्रूण. दाणे रात्रभर भिजवून मऊ केले. भिंगाखाली, चिमट्यानं दाणा आडवा धरून, ब्लेडच्या कोपऱ्यानं भ्रूणाच्या मागून हलकेच सरकवायचं. बरोबर जमलं तर ढालीसारख्या पातळ चकतीसकट भ्रूण अलगद सुटून येतो. ती चकती जपायची, दाण्यातली साखर शोषून घेण्याचं काम तिचंच. मुलींपैकी एकीचा हात इतका चांगला बसला की मी नंतर फक्त तिलाच ब्लेड देत होते.

हे भ्रूण अगरवर मांडले. साध्या बशीत त्यांनी छोटं मूळ काढलं आणि तिथेच थांबले. 2 टक्के साखरेच्या बशीत मूळ वाढत राहिलं, बारीक, लांब, मग दुसरं, तिसरं, भाताची तंतुमुळं येतात तशी. शेजारी अख्खे दाणे ठेवले होते, त्यांना साखर असो वा नसो, मुळं भरपूर. कापून काढलेला साठा आणि बशीतली साखर एकमेकांच्या जागा घेत होते, तेही डोळ्यांसमोर. एमिल हॅनिग यांनी 1904 साली मुळ्याच्या कुळातले भ्रूण बियांतून काढून क्षार आणि साखरेच्या माध्यमावर वाढवले होते. 1934 साली फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची टोकं कापून, क्षार, यीस्टचा अर्क आणि साखर असलेल्या द्रावणात ती अखंड वाढत ठेवली. ना पान, ना खोड, नुसती मुळं. मूळ स्वतः साखर बनवू शकत नाही, ते कायम दुसऱ्यावर अवलंबून, हे यातून लखलखीत दिसतं.

एवढं सगळं करून झाल्यावर गावातल्या बचत गटाच्या एका ताईंनी मला गाठलं. मिरची, वांगी आणि झेंडूची रोपं त्या ट्रेमध्ये करतात, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून. "मॅडम, रोपा उंच जातत पण मुळा धरनत नाय. साखरेचा पाणी घालू काय?" मी जाऊन बघितलं. ट्रे फणसाच्या दाट सावलीत मांडलेले होते, पावसाच्या माऱ्यापासून वाचावेत म्हणून. त्यात जुलैचं मळभ. रोपं पेटीतल्या माठासारखीच झाली होती, वर लांब आणि खाली तोकडी.

साखर घालू नका, असं मी त्यांना ठामपणे सांगितलं, आणि का ते समजावलं. बशीत साखरेचा फायदा दिसतो कारण बशीत दुसरं कुणी जिवंत नसतं. कोकोपीटमध्ये, मातीत असंख्य जिवाणू आणि बुरशी असतात आणि मुळापर्यंत पोचायच्या आत साखर तेच फस्त करतात. साखर खाऊन ते वाढतात आणि वाढण्यासाठी जवळपासचा नत्रही उचलतात, त्यामुळे काही काळ रोपालाच नत्र कमी पडतो आणि ते पिवळं पडतं. रोपं कोलमडवणाऱ्या बुरशीला ओल आणि गोडवा दोन्ही मिळतं. मुंग्या येतात ते वेगळंच. जीवामृतात 200 लिटर पाण्याला किलो-दोन किलो गूळ घालतात, तो शेणातल्या जिवाणूंना वाढवण्यासाठी असतो, पिकाला भरवण्यासाठी नसतो. ते आंबवून वापरतात, तोवर त्यातला बराच गोडवा संपलेला असतो.

ताईंच्या रोपांना साखर हवी होती हे खरंच, पण ती त्यांच्या पानांत तयार होणारी. ट्रे सावलीतून काढून मोकळ्यावर, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून आणि बाजू वाऱ्याला उघड्या ठेवून मांडायला सांगितले. रोपं जरा विरळ करायला लावली. पुढच्या खेपेची रोपं बुटकी, जाड देठाची झाली आणि ट्रेमधून उचलली की कोकोपीटचा गड्डा मुळांनी धरून अख्खा निघायला लागला. भाताच्या तरव्याचंही, म्हणजे लावणीसाठी वाफ्यात केलेल्या रोपांचंही, हेच आहे. झाडाखाली पडलेल्या वाफ्यातला तरवा उंच दिसतो म्हणून फसायला होतं, उपटायला गेलं की मुळांचा भरणा कळतो.

ज्यांना घरी किंवा शाळेत हे करून बघायचंय त्यांनी साखरेच्या जोडीला मॅनिटॉलची बशी ठेवल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये, आणि उजेड-अंधार दोन्ही बघावेत. मूग, चवळी, कुळीथ यांसारख्या मोठ्या दाण्यांत फायदा शोधू नये. त्यांत एक किंवा दोन्ही दलं काढून टाकली तर चित्र बदलतं, आणि आमच्या मुली सध्या कुळथावर तेच करत आहेत: काही रोपांचं एक दल काढलेलं, काहींची दोन्ही, काही अख्खी, प्रत्येकाला साखरेची आणि बिनसाखरेची बशी. भाताचा भ्रूण काढणार असाल तर ब्लेड नवीनच घ्या. बोथट ब्लेडनं ती पातळ चकती चिरडते, आणि मग साखर असूनही मूळ वाढत नाही.